उताराला गिअर हवाच
(चाकांचा कायदा : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात मालवाहतुकीच्या परमिटांबद्दल लिहिलं. आज घाटाबद्दल.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ साताऱ्याकडून आलेला एक ट्रक पुढच्या गाड्यांवर आदळत गेला. ४८ वाहनांचं नुकसान झालं. ‘ब्रेक फेल’ अशी चर्चा लगेच सुरू झाली. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र वेगळंच समोर आलं: कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या उतारावर चालकाने इंजिन बंद करून गाडी सोडून दिली होती. डिझेल वाचावं म्हणून.

यात काय धोका आहे ते नीट समजून घ्यायला हवं. ट्रकचे ब्रेक टाकीत साठवलेल्या दाबाच्या हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद केलं की ब्रेकच्या प्रत्येक दाबासरशी हवा उतरत जाते, वर पॉवर स्टिअरिंगही जड होतं. इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल मारलं तरी इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. १८.५ टनांचा दोन अ‍ॅक्सलचा ट्रक खंडाळ्याहून खोपोलीकडे साधारण अर्धा किलोमीटर उंची उतरतो, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात अडीचशे लिटरहून अधिक पाणी उकळेल. ती लायनर आणि ड्रममध्ये जिरवायची म्हटलं की लायनर तापतात आणि पकड सोडतात. बोरघाटातला तो जळका वास याचाच. म्हणून जुने चालक सांगतात, ज्या गिअरात घाट चढता, त्याच गिअरात उतरा.

कायद्याला हे ठाऊक नाही असं नाही. फलक लावलेल्या उतारावर मालवाहू गाडी न्यूट्रलमध्ये नेण्यास अनेक राज्यांच्या नियमांत मनाई आहे. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, उतरणाऱ्याने थांबावं, हाही लेखी नियम आहे. जादा भार भरला तर २० हजार रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २ हजार. पण याच दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकची भारमर्यादा २०१८ मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली, हेही विसरू नये. घाटांचे उतार होते तेच राहिले.

न्यूट्रलला मी केवळ चालकाची खोड मानत नाही. ठरावीक डिझेल द्यायचं आणि उरेल ते चालकाचं, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. तुटपुंज्या पगाराच्या माणसाला वाचलेल्या डिझेलचा मोह पडणारच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. रात्रभर चालवून पहाटे घाटाच्या माथ्यावर पोचलेल्या चालकाला ती मिळालेली असते का, हे कुणी तपासत नाही. दंडाची पावती त्याच्याच नावाने फाटते.

उत्तराखंडात डोंगरी रस्त्यावर व्यावसायिक वाहन चालवायला परवान्यावर तशी वेगळी नोंद लागते. सह्याद्री ओलांडल्याशिवाय कोकणातून देशावर माल येत नाही, त्या महाराष्ट्रानेही घाटाची वेगळी चाचणी सक्तीची करावी. आणि ट्रकमालकांना माझी विनंती आहे: डिझेलच्या बचतीवर चालकाची कमाई ठेवू नका. तेवढे पैसे पगारातच द्या.