दिष्ट विद्युतधारा आणि तांत्रिक मानकांचा प्रश्न

प्रस्तावना :
एल.ई.डी. दिवा, संगणक, भ्रमणध्वनी ही उपकरणे आतून दिष्ट, म्हणजेच डी.सी. विद्युतधारेवर चालतात. सौर पॅनेलही हीच धारा देते. तरीही पॅनेलची वीज इन्व्हर्टरद्वारे प्रत्यावर्ती, म्हणजे ए.सी. करावयाची आणि उपकरणाने ती पुन्हा दिष्ट करून घ्यावयाची, असा द्राविडी प्राणायाम चालतो. दोन्ही टप्प्यांत ऊर्जेचा अपव्यय होतो. मग दिष्ट वीज थेट का वापरू नये? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर तंत्रापेक्षा मानकांशी अधिक निगडित आहे.

विषय विवेचन :
मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विद्युत रेल्वे धावली, ती 1500 व्होल्ट दिष्ट दाबावर. दाब कमी, म्हणून धारा मोठी, तारा जाड आणि उपकेंद्रे जवळजवळ. पुढे 1957 मध्ये भारतीय रेल्वेने 25,000 व्होल्ट प्रत्यावर्ती प्रणाली स्वीकारली. परंतु मुंबईच्या उपनगरी मार्गांचे रूपांतर पूर्ण होण्यास 2016 साल उजाडले. मधल्या काळात दोन्ही प्रणालींवर चालणाऱ्या गाड्या वापराव्या लागल्या. एकदा निवडलेला आकडा 91 वर्षे पाठ सोडत नाही, तो असा.

घरगुती वापरासाठी भारतीय मानक ब्यूरोने 2017 मध्ये आय.एस. 16711 द्वारे 48 व्होल्ट दिष्ट वितरणाची मार्गदर्शक तत्त्वे दिली. 48 च का? 240 वॅट भारास 12 व्होल्टवर 20 अँपिअर धारा लागते, 48 व्होल्टवर अवघी 5. त्याच तारेतील उष्णताव्यय एक-सोळांशावर येतो. शिवाय स्पर्शाच्या दृष्टीने हा दाब बराच सुरक्षित असतो.

खरी अडचण मात्र साध्या बटणाची आहे. 50 हर्ट्झची प्रत्यावर्ती धारा सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते. त्यामुळे बटण बंद करताना उडणारी ठिणगी लगेच विझते. दिष्ट धारेस असा विराम नाही. दाब जास्त असल्यास ठिणगी पेटतीच राहते, संपर्कबिंदू वितळतात, प्रसंगी आग लागते. म्हणून दिष्ट धारेचे स्विच व एम.सी.बी. वेगळ्या रचनेचे करावे लागतात. वडनेर-हिंगणघाट परिसरातील शेतकऱ्यास हा विषय दूरचा वाटू नये. सौर कृषिपंपाच्या एकसरीत जोडलेल्या पॅनेलांमधून शेकडो व्होल्ट दिष्ट दाब मिळू शकतो. तेथे बिघडलेल्या स्विचच्या जागी घरगुती ए.सी. स्विच बसविणे धोक्याचे आहे, मग त्यावरील अँपिअरचा आकडा तोच असला तरीही. खरेदी करताना डी.सी. साठीची व्होल्टमर्यादा स्वतंत्रपणे छापलेली आहे काय, हे पाहावयास हवे.