प्रतापगडचा पुतळा आणि काळी निशाणे

प्रतापगड चढून गेल्यावर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा दृष्टीस पडतो आणि पावले आपोआप थबकतात. बेळगावहून सहलीस आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही त्याची हकीकत सांगू लागलो, तेव्हा एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, महाराजांचा पुतळा उभारला, त्या दिवशी आपल्याच माणसांनी काळी निशाणे का दाखवली?’’ प्रश्न वाजवी होता.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते या पुतळ्याचे अनावरण झाले. तो काळ धगधगता होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई द्वैभाषिक राज्यात गेली आणि आमचे बेळगाव म्हैसूर राज्यात. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपायी शंभरावर माणसे प्राणांस मुकली होती. त्यातच पंडितजींच्या एका ग्रंथातील महाराजांविषयीच्या अनुदार मजकुराचा सल लोकांच्या मनात होता. पुढे त्यांनी तो मजकूर दुरुस्त केला, हेही नमूद केले पाहिजे.

संयुक्त महाराष्ट्र समितीने निदर्शनांची हाक दिली. वाईजवळच्या पसरणी घाटात आणि पोलादपूरच्या बाजूस हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे राहिले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची ती मोठीच कसोटी होती. एवढा क्षोभ असूनही निदर्शकांनी संयम सोडला नाही आणि समारंभ पार पडला.

आम्ही मुलाला सांगितले, ‘‘बाळ, ती निशाणे पुतळ्याला नव्हती. महाराजांना मुजरा करायचा आणि दिल्लीला जाब विचारायचा, ही दोन्ही कामे त्या माणसांनी एकाच दिवशी केली.’’

पुतळे दगड-धातूचे असतात. त्यांना अर्थ देतात ती भोवतालची माणसे. त्या निदर्शनांनंतर अडीच वर्षांच्या आत, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. आमच्या सीमाभागाचे गाऱ्हाणे मात्र मागेच राहिले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘गुरुजी, मग त्या घाटात आपल्या गावची माणसेही असतील ना?’’

गड उतरताना आम्हांस आमच्या वडीलधाऱ्यांची आठवण झाली. त्यांच्यापैकी कोणी आज हयात नाही. ही हकीकत घरोघरच्या मुलांना सांगणे, एवढे तरी आपल्या हाती उरले आहे.