टायमिंग चेन (सुधारित कॅमशाफ्टसाठी निवड)

टायमिंग चेन ही अंतर्ज्वलन इंजिनातील क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवणारी धातूची साखळी होय. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होते. त्यामुळे कॅमशाफ्टवरील दातेरी चक्राला (स्प्रॉकेट) क्रँकशाफ्टवरील चक्राच्या दुप्पट दाते असतात. इंजिनाची शक्ती वाढवण्यासाठी अधिक उचल व अधिक कालावधी देणारा कॅमशाफ्ट बसवला, तर मूळ साखळी पुरेशी आहे की बदलावी लागेल, हा प्रश्न उभा राहतो. साखळी दाते चुकवून सरकली, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. म्हणूनच हा निर्णय कॅमशाफ्टच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

सर्वच इंजिनांत टायमिंग चेन नसते. रॉयल एनफील्डच्या जुन्या बुलेटमध्ये कॅम गिअरने फिरतात. मारुती ८०० मध्ये दातेरी पट्टा होता, तर मारुतीच्या नंतरच्या के-मालिकेतील इंजिनांत साखळी आहे. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत कॅमशाफ्ट इंजिनाच्या ठोकळ्यातच असून तो आखूड साखळीने फिरे. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या बजाज पल्सर व केटीएम ड्यूक या मोटारसायकलींत कॅमशाफ्ट वर, सिलिंडर हेडमध्ये असल्याने साखळी लांब असते आणि तिला गाइड व टेन्शनर यांचा आधार लागतो.

साखळीवरील वाढीव भार

सुधारित कॅमशाफ्टचे कॅम अधिक उभट चढाचे असतात व त्यांच्यासोबत बहुधा कडक स्प्रिंगा बसवल्या जातात. व्हॉल्व्ह उघडताना कॅमशाफ्टला मोठा विरोध होतो. व्हॉल्व्ह मिटताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते. साखळीला त्यामुळे एकसारखा ताण मिळत नाही, झटके बसतात. एक किंवा दोन सिलिंडरच्या इंजिनात हे झटके अधिक तीव्र असतात, कारण एका कॅमचा विरोध दुसऱ्या कॅमच्या ढकलण्याने भरून निघत नाही.

दुसरा भार वेगाचा. ९.५२५ मिमी अंतराची (दोन पिनांच्या केंद्रांमधील अंतर) साखळी २० दातांच्या चक्रावर मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरली, तर तिचा रेषीय वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर होतो. चक्राभोवती वळताना केंद्रापसारी परिणामामुळे येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फेऱ्या दीडपट झाल्या, की हा ताण सव्वादोन पट होतो. जड साखळी नेहमीच अधिक सुरक्षित असते, ही समजूत येथेच चुकते: वजन वाढले की हा ताणही वाढतो.

प्रकार

रोलर साखळीत बुशभोवती फिरणारे रोलर असतात. बुश साखळीत ते नसतात, पण त्याच अंतरात पिन व बुश जाड करता येतात. लहान मोटारसायकलींत आढळणारी '२५ एच' साखळी (अंतर ६.३५ मिमी) बुश प्रकारची आहे. तिसरा प्रकार उलट्या दातांच्या पट्ट्यांची 'मूक' साखळी. ती कमी आवाज करते आणि अनेक आधुनिक इंजिनांत मूळचीच असते.

ठोकळ्यात कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनांत एकपदरी साखळीऐवजी द्विपदरी साखळी बसवणे ही जुनी व खात्रीची सुधारणा आहे. अॅम्बॅसॅडरच्या १,४८९ सीसी इंजिनाच्याच कुळातील एमजीबी या ब्रिटिश मोटारीत आरंभी द्विपदरी साखळी होती. पुढे उत्पादकाने एकपदरी वापरली आणि हौशी मालक पुन्हा द्विपदरीकडे वळले. लांब साखळीच्या मोटारसायकलींना मात्र हा मार्ग नसतो. तेथे चक्रांची रुंदी व साखळीची पोकळी ठरलेली असते. अशा इंजिनात सौम्य सुधारणेसाठी मूळ मापाची, चांगल्या उत्पादकाची नवी साखळी आणि सुस्थितीतील टेन्शनर यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे असते. भारतात कोइम्बतूरच्या एल.जी. बालकृष्णन अँड ब्रदर्सची 'रोलॉन' ही साखळी प्रसिद्ध आहे. अंतर, कड्यांची संख्या व प्रकार यांपैकी एक जरी बाब जुळली नाही, तरी साखळी त्या चक्रावर चालत नाही.

झीज व टायमिंग

साखळी 'ताणली' असे म्हटले जात असले, तरी पोलाद ताणले गेलेले नसते. पिन व बुश घासून प्रत्येक सांध्यात थोडे अंतर वाढलेले असते. ताणाच्या बाजूला १९० मिमी साखळी असेल व झीज अर्धा टक्का असेल, तर ती बाजू ०.९५ मिमीने वाढते. ४० दातांच्या कॅम चक्रावर याचा अर्थ कॅमशाफ्ट सुमारे ०.९ अंश, म्हणजे क्रँकच्या मापाने १.८ अंश मागे पडतो. एक दाता चुकला, तर हाच फरक १८ अंशांचा होतो. हेड घासून खाली आणले असता कॅमशाफ्ट क्रँकच्या जवळ येतो आणि नवी साखळी असूनही टायमिंग मागे पडते. अर्धा मिमी घासल्यास वरील मापांत तो फरक जवळपास एक अंश असतो. त्यामुळे सुधारित कॅमशाफ्ट केवळ खुणा जुळवून न बसवता अंशांची चकती व डायल गेज लावून तपासतात, आणि चूक निस्तरण्यासाठी सरकवता येणारे कॅम चक्र वापरतात. जुनी चक्रे नव्या साखळीला लवकर झिजवतात. साखळी, दोन्ही चक्रे, गाइड व टेन्शनर एकत्र बदलण्याची पद्धत त्यातूनच आली.

टेन्शनरचे काम ढिल्या बाजूला असते. तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर कडक स्प्रिंगांच्या झटक्यांनी मागे ढकलला जाऊ शकतो. दातेरी खाच असलेला टेन्शनर मागे सरकत नाही, पण हाताने अति घट्ट केलेला गाइड खातो.

वऱ्हाडातील परिस्थिती

अकोला व अमरावती जिल्ह्यांत मे महिन्यात तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तेल त्यामुळे अधिक तापते, पातळ होते, आणि पिन-बुशमधील थर व टेन्शनरचा दाब दोन्ही कमी होतात. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यांवरची बारीक धूळ खराब एअर फिल्टरमधून तेलात उतरली, तर ती सांध्यांत घासणीच्या पावडरीसारखे काम करते. १०० सीसी मोटारसायकलीत तेल जेमतेम लिटरभर असते. अशा वाहनाला येथे महागडी साखळी बसवण्यापेक्षा तेल वेळेआधी बदलण्याचा उपयोग अधिक होतो.

रस्त्याचे स्वरूपही निवडीवर परिणाम करते. राष्ट्रीय महामार्ग ५३ चा अमरावती–अकोला भाग (जून २०२२ मध्ये येथे सलग ७५ किमी डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करून गिनीज विक्रम नोंदवण्यात आला) दीर्घकाळ उच्च फेऱ्यांवर चालण्यास अनुकूल आहे. तेथे प्रश्न उष्णतेचा व सततच्या झिजेचा असतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या घाटात उलट स्थिती असते. थ्रॉटल एकदम सोडला की क्रँकशाफ्ट मंदावतो, कॅमशाफ्ट आपल्या जडत्वाने पुढे जाऊ पाहतो व क्षणभर ढिलाई दुसऱ्या बाजूला सरकते. साखळी दाता चुकण्याचा धोका अशा वेळी वाढतो. येथे साखळीपेक्षा टेन्शनर महत्त्वाचा.

कायदेशीर बाब

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलासाठी वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांचा दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. मूळ मापाची टायमिंग चेन बदलणे ही सामान्य दुरुस्ती आहे. शर्यतीचा कॅमशाफ्ट मात्र उत्सर्जनावर परिणाम करतो, त्यामुळे असे इंजिन सार्वजनिक रस्त्यापेक्षा बंदिस्त धावमार्गासाठीच योग्य मानले जाते.