धानाच्या तुसातून सोलर पॅनल? भंडाऱ्याच्या राखेत नेमके काय दडले आहे, समजून घ्या

राइस मिलच्या मागे साचलेले काळ्या राखेचे ढीग भंडारा जिल्ह्याला नवे नाहीत. धान भरडले की तूस निघते, ते बॉयलरमध्ये जळते आणि उरलेल्या राखेचे करायचे काय, हा प्रश्न मिलवाल्यांसमोर राहतो. या राखेचा ८५ ते ९५ टक्के भाग सिलिका असू शकतो. सिलिकापासून सिलिकॉन मिळते आणि सोलर सेल असो की मोबाइलमधली चिप, दोन्ही सिलिकॉनचीच. मग तुसापासून सोलर पॅनल का बनत नाही?

आधी गणित पाहू. एक क्विंटल धानातून साधारण २० किलो तूस निघते. ते जाळल्यावर सुमारे ४ किलो राख उरते. तिच्यात साडेतीन किलोच्या आसपास सिलिका आणि त्या सिलिकात दीड किलोहून थोडे जास्त सिलिकॉन असते. छतावरच्या ५५० वॉटच्या एका पॅनलला साधारण सव्वा किलो सिलिकॉन लागते. म्हणजे एका क्विंटल धानामागे एक पॅनल! अर्थात, हे कागदावर.

तुसात सिलिका येते कुठून?

जमिनीतून. धानाचे रोप पाण्यात विरघळलेली सिलिका मुळांवाटे ओढते आणि पाने, खोड व दाण्याच्या टरफलात साठवते. त्यामुळे रोप ताठ राहते आणि किडीलाही ते कुरतडणे जड जाते. तूस खरखरीत लागते ते याचमुळे.

अडते कुठे?

शुद्धतेपाशी. सोलर सेलवर प्रकाश पडला की सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा होतो. तो तारेपर्यंत पोहोचला तरच वीज मिळते. वाटेत लोखंडाचा एखादा अणू आला तर खड्ड्यात चाक अडकावे तसा इलेक्ट्रॉन तिथेच अडकतो. म्हणून सोलरसाठी किमान ९९.९९९९ टक्के शुद्ध सिलिकॉन लागते, म्हणजे दहा लाख अणूंत परका अणू जेमतेम एक. चिपसाठीची अट याहून कितीतरी कडक असते.

कारखान्यात गारगोटी आणि कोळसा विजेच्या भट्टीत २,००० अंशांच्या आसपास तापवून आधी ९८-९९ टक्के शुद्ध सिलिकॉन काढतात. मग त्याचा वायू करून, तो गाळून, पुन्हा घन सिलिकॉन बनवतात. खरा खर्च आणि वीज इथे जाते.

तुसाची बाजू इथे थोडी जड आहे. त्यातली सिलिका स्फटिकरूप नसते, त्यामुळे तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करणे सोपे जाते. आम्लाने धुतले की पोटॅशियम, कॅल्शियमसारखी बरीचशी भेसळ राखेच्या टप्प्यावरच निघून जाते. चिवट असतात ते फॉस्फरस आणि बोरॉन. पिकाला दोन्ही हवे असतात, सोलर सेलमध्ये मात्र ते मोजूनमापूनच चालतात.

ही कल्पना आजची नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी तुसाच्या पांढऱ्या राखेतून कॅल्शियमच्या मदतीने सिलिकॉन काढल्याचे काम १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात रिचर्ड लेन यांच्या गटाने २०१५ मध्ये राखेपासून थेट सोलर दर्जाच्या सिलिकॉनपर्यंतचा मार्ग मांडला. दक्षिण कोरियात २०१३ मध्ये तुसातल्या सिलिकॉनपासून लिथियम बॅटरीचा इलेक्ट्रोड बनला, तर जपानच्या हिरोशिमा विद्यापीठाने २०२२ मध्ये त्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून चक्क एलईडी पेटवून दाखवला. पण प्रयोगशाळेतले काही ग्रॅम आणि कारखान्यातले टन यांत फार अंतर आहे, आणि बाजारात चीनच्या स्वस्त सिलिकॉनशी गाठ आहे.

सोलरचे स्वप्न भंडाऱ्याने आधीही पाहिले आहे. २०१३ मध्ये मुंडीपार येथे तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रफुल्ल पटेल यांच्या पुढाकाराने भेलच्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. त्यात ६०० मेगावॉट क्षमतेच्या सोलर उत्पादनाचाही बेत होता. कारखाना उभा राहिला नाही. जमिनी देऊन बसलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनांच्या बातम्या मात्र येत राहिल्या. त्यामुळे ‘तुसातून सोलर’ असे कुणी सांगू लागले तर आधी शुद्धता आणि विजेचा हिशेब विचारलेला बरा.

दरम्यान तंत्रज्ञान पुढे सरकले आहे. नुसत्या सिलिकॉनच्या सेलची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९ टक्के आहे. त्यावर पेरोव्हस्काइट या पदार्थाचा पातळ थर दिला की दोन थर मिळून जास्त प्रकाश टिपतात, आणि जगातल्या प्रयोगशाळांनी अशा जोडसेलमध्ये ३४ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे. मुंबईत आयआयटीच्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्रातही यावर काम चालते. या जोडसेलच्या तळाशी सिलिकॉन आहेच.

मिलवाल्यांसाठी काय?

हाताशी असलेली संधी सिलिकॉनच्या एक पायरी आधी, सिलिकातच आहे. गुडइयर कंपनी टायरच्या रबरात तुसाच्या राखेतली सिलिका वापरते. त्यासाठी राख पांढरी हवी. मिलच्या बॉयलरमध्ये हवा आणि तापमान यांवर ताबा नसतो, म्हणून न जळलेला कार्बन उरून राख काळी निघते. उष्णता फार वाढली तर सिलिका स्फटिकरूप होते. मग तिची किंमत उतरते, आणि ती धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर फुप्फुसे निकामी होऊ शकतात. ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान, पुरेशा हवेत तूस जाळले तर राख पांढरी आणि कामाची मिळते. राखेचे मोल आधी बॉयलरच ठरवतो.