पांढुर्ण्याहून जपानीकडे

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा नवा जिल्हा बनला. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी या मुलखाची राजधानी नागपूर होती. राज्याच्या सीमा हलल्या, बोलणं मात्र तेच राहिलं. घरात, वावरात, आठवडी बाजारात नागपुरी-वऱ्हाडी वळणाची मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, नोकरीच्या अर्जापुरती इंग्रजी. आपल्या मराठीचा पुढं काही उपयोग होईल, असं इथल्या मुलामुलींना सहसा कुणी सांगत नाही. जपानी भाषेच्या शिक्षणाचा हा आढावा मी त्या मुलांना समोर ठेवून घेतो आहे. जपानी शिकायला मराठीचा जेवढा आधार होतो तेवढा इंग्रजीचा होत नाही, आणि तो आधार या मुलांच्या घरातच आहे, असं माझं ठाम मत आहे.

विषय आताच काढण्याला कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानच्या पंतप्रधानांनी टोकियोत एक कृती आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये मिळून ५ लाखांहून अधिक माणसांची ये-जा व्हावी, त्यात भारतातून ५० हजार कुशल आणि होतकरू माणसं जपानला जावीत, असं त्यात ठरलं. जपानमध्ये दर दहा माणसांतली जवळपास तीन ६५ वर्षांवरची आहेत. शेतात, कारखान्यात, वृद्धाश्रमात हात कमी पडतात. तरीही तिथं राहणारे भारतीय ५० हजारांच्या थोडेच वर आहेत, तर आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या नेपाळची माणसं दोन लाखांच्या पुढं. विद्यार्थ्यांचं चित्र याहून बोलकं आहे. २०२४ साली जपानमध्ये नेपाळचे ६० हजारांवर विद्यार्थी होते, भारताचे जेमतेम दीड-दोन हजार. आपली मुलं अमेरिका, कॅनडा, जर्मनीकडे पाहतात याची कारणं अनेक आहेत, पण भाषेची भीती हे त्यांतलं मोठं कारण आहे. ती भीती कितपत खरी आहे, हे आधी पाहू.

अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषा प्रशालेनं जपानीला सर्वांत कठीण गटात टाकलं आहे आणि ती शिकायला सुमारे २,२०० तास धरले आहेत. हा आकडा आपल्याकडेही वारंवार सांगितला जातो. पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. त्यांना वाक्य उलटं करून बोलायला शिकावं लागतं. आपल्याला तसं करावं लागत नाही. जपानीत आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद, आणि विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाच्या मागून. ‘काल पुण्याहून आलेल्या बाईंनी आणलेलं पुस्तक’ हे मराठीत जसं एका ओघात येतं, तसंच ते जपानीतही येतं, शब्दांचा क्रमही जवळपास तोच. इंग्रजीत त्याच पुस्तकाला ‘जे’ आणि बाईंना ‘ज्या’ लावून वाक्य मागून बांधावं लागतं.

संयुक्त क्रियापदांत तर साम्य थक्क करणारं आहे. आपण ‘करून पाहतो’, ‘करून ठेवतो’, ‘करून देतो’, ‘करून टाकतो’. जपानी माणूस ‘शिते मिरु’, ‘शिते ओकु’, ‘शिते आगेरु’, ‘शिते शिमाउ’ म्हणतो. ‘मिरु’ म्हणजे पाहणे, ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, ‘आगेरु’ म्हणजे देणे. पाहण्याच्या क्रियापदातून ‘प्रयत्न करणं’ निघावं आणि ठेवण्याच्या क्रियापदातून ‘पुढच्यासाठी तयारी करणं’ निघावं, हे दोन इतक्या दूरच्या भाषांत घडलं आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे चार स्वतंत्र नियम म्हणून पाठ करावे लागतात; मराठी मुलाला एकदा दाखवलं की पुरतं. टोकियोजवळच्या जपानी भाषा आणि भाषाविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत प्रशांत परदेशी या मराठी भाषावैज्ञानिकानं जपानी आणि मराठी क्रियापदांचा तौलनिक अभ्यास वर्षानुवर्षं केला आहे. म्हणजे या साम्याला अभ्यासाचा पाया आहे.

यातलं बरंचसं हिंदीतही आहे. पण एक गोष्ट हिंदीत नाही आणि आपल्या घरी आहे. ‘चूल’ म्हणताना आपण जो च उच्चारतो तो ‘चहा’तला नव्हे. जपानी ‘त्सु’ जवळजवळ तोच आहे. हिंदी माध्यमात शिकलेल्या इतर मुलांना ‘त्सुनामी’चा पहिला उच्चार जमवावा लागतो, सौंसरच्या मुलाच्या तोंडी तो आजीच्या स्वयंपाकघरातून आलेला असतो. उलट एका ठिकाणी आपल्याला जपावं लागेल. ऱ्हस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनापुरते सांभाळतो, बोलताना फारसे पाळत नाही. जपानीत ते पाळले नाहीत तर ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकूची ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी होते.

लिपीचीही अशीच गोष्ट. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. त्यांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ‘हा’चा उच्चार प्राचीन काळी ‘पा’ होता, हे ध्यानात घेतलं की आपला क-च-ट-त-प-य-र-ल-व समोर उभा राहतो. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अभ्यासासाठी सिद्धम् लिपी जपानला नेली आणि तिच्या वर्णक्रमावरून जपानी अक्षरांचा हा क्रम बसला. शिंगोन पंथाच्या मंदिरांत आजही सिद्धम् अक्षरं दिसतात. मराठी मुलाला बाराखडी येत असेल तर काना दोन-तीन आठवड्यांचं काम आहे.

कांजीला मात्र जवळची वाट नाही. नित्य वापराच्या कांजींची अधिकृत यादी २०१० पासून २,१३६ अक्षरांची आहे. ती रोज लिहून, विसरून, पुन्हा लिहूनच येतात. माझ्या मते जपानी अभ्यासाचा खरा कस तिथं लागतो आणि बहुतेक मुलं तिथंच थांबतात.

शिकायचं कुठं? विश्वभारतीत निप्पोन भवन आहे. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू आणि हैदराबादचं इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ इथंही जपानी शिकता येतं. पण मराठी माणसाच्या लेखी जपानीचं केंद्र म्हणजे पुणे. रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात प्रमाणपत्रापासून पुढचे वर्ग आहेत, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीत बी.ए. आणि एम.ए. करता येतं. कंपन्यांचं भाषांतर, दुभाष्याचं काम, सॉफ्टवेअर यांमुळे तिथं शिकलेल्यांना कामही मिळतं. योगेंद्र पुराणिक जपानी शिकून संगणक क्षेत्रात टोकियोला गेले, २०१९ मध्ये एदोगावा या तिथल्या विभागाच्या सभागृहावर निवडून आले आणि पुढं इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. परदेशात जन्मलेल्या माणसाला जपानी शाळेचा कारभार सोपवला जातो तो केवळ परीक्षेच्या गुणांवर नाही.

महाराष्ट्र आणि जपान यांचं हे नातं नोकरीच्या आधीचं आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. १९१५ साली टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी. जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी मध्ययुगीन दख्खनच्या शेतकऱ्यांवर आणि गावगाड्यावर आयुष्यभर काम केलं, आणि १९९१ मध्ये त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक आलं. तिकडच्या माणसानं आपली कागदपत्रं वाचायला एवढे कष्ट घेतले, हे आठवलं की कांजीचा कंटाळा करायला मन धजत नाही.

पांढुर्ण्याला याहून जवळचा जपान नागपुरात आहे. ओकायामा प्रांतात १९३५ साली जन्मलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई साठच्या दशकाच्या अखेरीस नागपुरात आले, इथलेच झाले, भारताचे नागरिक झाले. दीक्षाभूमीच्या चळवळीत त्यांचं नाव घराघरात आहे. कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ मध्ये नोरिको ओगावा यांच्या सहकार्यानं उभं राहिलं.  इतकं सगळं जवळ असताना सौंसर किंवा पांढुर्ण्याच्या मुलाला जपानी शिकायला ६०-१०० किलोमीटरवर नागपूर गाठावं लागतं किंवा थेट पुण्यात खोली घ्यावी लागते. मुलींच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते.

पदवीच्या वाटेशिवाय दुसरी वाट व्यवसाय शिक्षणाची आहे. जपानमध्ये ‘सेन्मोन गाक्को’ म्हणजे व्यवसाय महाविद्यालयं आहेत, बहुधा दोन वर्षांची: मोटार दुरुस्ती, हॉटेल, वृद्धसेवा, संगणक. तिथं प्रवेशाला साधारणपणे जेएलपीटी या भाषा-परीक्षेच्या एन२ पायरीइतकी जपानी लागते, नाहीतर आधी जपानमधल्या भाषाशाळेत किमान सहा महिने काढावे लागतात. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीत या महाविद्यालयांसाठी स्वतंत्र विभाग आहे, हे आपल्याकडच्या आयटीआयच्या मुलांना फारसं कुणी सांगत नाही. विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येतं, त्यामुळे ‘शिकता शिकता सगळा खर्च निघतो’ हे वाक्य कुणी ऐकवलं तर सावध व्हावं.

तिसरी वाट थेट कामाची. २०१९ मध्ये जपाननं ‘विशिष्ट कौशल्य’ असा व्हिसा सुरू केला, भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्याला कामाची परीक्षा आणि एन४ इतकी भाषा लागते, पहिल्या टप्प्यात पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. त्याआधीच्या तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेत मालक बदलण्याची मुभा नव्हती आणि त्यातून पुष्कळ तक्रारी झाल्या. जपानच्या संसदेनं २०२४ मध्ये कायदा करून ती योजना बदलायचं ठरवलं, नवी पद्धत २०२७ पासून येते आहे. कर्ज काढून दलालाच्या हाती पासपोर्ट देणाऱ्या आईवडिलांपर्यंत एवढी माहिती तरी पोचली पाहिजे.

आणि एन४ म्हणजे काय, तेही. जेएलपीटी ही परीक्षा १९८४ पासून आहे, २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या झाल्या. एन५ सर्वांत खालची. ‘मिन्ना नो निहोंगो’ या सर्वत्र चालणाऱ्या पुस्तकाचे दोन भाग मिळून ५० धडे आहेत, ते पुरे झाले की एन४ च्या आसपास पोचता येतं. एवढ्यात बाजारहाट होते, रस्ता विचारता येतो. आजारी म्हाताऱ्याचं गाऱ्हाणं समजत नाही आणि पगाराच्या करारातली अट वाचता येत नाही. सहा महिन्यांत एन४ पार करवून विमानात बसवणारे वर्ग मला म्हणूनच अपुरे वाटतात. मुलांनी एन३ पर्यंत इथंच, आईवडिलांच्या जवळ राहून, महाविद्यालयाच्या वेळापत्रकात शिकावं.

हे अशक्य नाही. पांढुर्णा आणि सौंसर दोन्हीकडे सरकारी महाविद्यालयं आहेत. पुण्याचा शिक्षक आठवड्यातून चार दिवस पडद्यावर आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष, असा वर्ग चालू शकतो. आयआयटी कानपूरचा जपानीचा प्राथमिक अभ्यासक्रम एनपीटीईएलवर फुकट आहे. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह मोफत मिळतं. कमी आहे ती मराठीतून समजावणाऱ्या व्याकरणाची. आज मुलगा जपानी शिकण्यासाठी आधी इंग्रजी उलगडतो, आणि जे साम्य त्याला मदत करू शकलं असतं ते वाटेतच हरवतं.

विषयही गावातलेच घ्यावेत. शेती हे विशिष्ट कौशल्य व्हिसाचं एक क्षेत्र आहे. जपानच्या वाकायामा आणि एहिमे प्रांतांत डोंगरउतारावर मिकानच्या, म्हणजे पातळ सालीच्या बिनबियांच्या संत्र्याच्या बागा आहेत, आणि त्या सांभाळणारे शेतकरी म्हातारे झाले आहेत. आपल्याकडच्या संत्रा बागायतदाराच्या मुलाला झाडाची भाषा येतेच. छाटणी, कलम, फळगळ, प्रतवारी, शीतगृह हे शब्द दोन्हीकडे रोजच्या कामाचे. त्यांची मराठी-जपानी यादी इथल्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षातच तयार करावी आणि रोज वर्गात एकमेकांना तोंडी विचारावी, कारण जेएलपीटीत वाचणं आणि ऐकणं तपासतात, बोलायला कुणी लावत नाही.