उतारूस पुसलेला पहिला प्रश्न

परदेशाहून परतलेला मनुष्य तेथील हॉटेलांचें वर्णन करूं लागला, म्हणजे गाद्या, न्हाणीघरें आणि न्याहारी यांपलीकडे तो सहसा जात नाहीं. परंतु देशोदेशींच्या बिऱ्हाडांतील खरा भेद दारांतच कळतो. दारीं आलेल्या परक्या मनुष्यास प्रथम काय विचारतात, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.

मागें कन्येच्या आग्रहावरून आम्हां उभयतांस जपानास जाण्याचा योग आला. तेथें ‘र्‍योकान’ नांवाच्या जुन्या पद्धतीच्या पथिकगृहांत उतरलों. उंबऱ्याशींच पादत्राणें काढावयाचीं, हा तेथील पहिला नियम. तो आम्हां गिरगांवकरांस शिकवावा लागला नाहीं! तेथें भाडें माणशीं असतें, आणि बहुधा त्यांतच रात्रीचें भोजन व सकाळची न्याहारी येते. दिवसा बसावयाची जी खोली, तींतच रात्रीं बिछाने घालून देतात. सामाईक स्नानकुंडांत उतरण्यापूर्वीं अंग स्वच्छ धुवावें लागतें. एवढी सेवा करूनही बक्षिशीची अपेक्षा नसते. अमेरिकेंत बक्षिशी म्हणजे जणूं देणेंच. भाडें खोलीचें, जेवण बहुधा निराळें. इंग्लंडांत एखादी गृहिणी आपल्याच घरांतील खोली देऊन बिछाना व न्याहारी एवढेंच पुरविते. कोठें जोड्यांचा प्रश्न पहिला, कोठें पैशांचा.

आणि आमच्याकडे? अतिथीस देव मानावें, अशी तैत्तिरीयोपनिषदाची आज्ञा. धर्मशाळा बांधणारे दातेही आमच्यांत पुष्कळ झाले. तथापि दारांत ‘आपण कोण?’ म्हणून विचारीत, तें नांवासाठीं नव्हे, जातीसाठीं.

परळच्या चाळींत ज्यांचें बिऱ्हाड अनेक वर्षें होतें, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अनुभव या बाबतींत विसरण्याजोगा नाहीं. १९१३ पासून चार वर्षें ते न्यूयॉर्क व लंडन येथें राहिले. १९१७ सालीं बडोदें सरकारच्या नोकरीसाठीं ते परतले, तों त्या शहरांत त्यांस उतरावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहांत पारशी नांव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेले दहाबारा लोक दारांत उभे राहिले, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचें त्यांनीं फर्माविलें. ओळखीच्या दोघांनींही आश्रय दिला नाहीं. तो विद्वान् पुरुष सार्वजनिक बागेंत बसून राहिला आणि रात्रींच्या गाडीनें मुंबईस परतला. पुढें १९२१-२२ मध्यें लंडनांतील ज्या घरांत ते राहिले, तें किंग हेन्रीज् रोडवरील १० क्रमांकाचें घर महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं स्मारकासाठीं विकत घेतलें. परक्या देशांतलें बिऱ्हाड जपून ठेवावेंसें वाटावें, आणि स्वदेशांतलें आठवून मान खालीं जावी, हा केवढा विरोध!

वाचक म्हणतील, हा दोष परक्यांचा. तसें नाहीं. मी मॅट्रिकला असतां लालबागचा एक वर्गमित्र अभ्यासासाठीं आमच्या घरीं रात्रीं राहिला. आजीनें पाण्याचा पेला देण्यापूर्वीं त्याचें आडनांव विचारलें. पेला दिला, पण निराळा. अंथरूण घातलें, पण गॅलरींत. सर्व घरानें तें पाहिलें, मीही पाहिलें, आणि कोणी कांहीं बोललें नाहीं. पहांटे मी उठलों तेव्हां त्याचें अंथरूण नीट घडी घालून ठेवलेलें होतें, आणि तो गेलेला होता. पुन्हां तो आला नाहीं.

हॉटेलांत व उपाहारगृहांत जातीवरून कोणास अटकाव करूं नये, असें आमच्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत आहे, आणि ती १९५० पासून अमलांत आहे. पण घराच्या उंबऱ्यावर कलम चालत नाहीं. तेथें गृहिणीचा आणि गृहस्थाचा विवेक चालतो. जपानांतल्या त्या वृद्ध यजमानिणीनें गुडघे टेकून आमचें स्वागत केलें, आणि ‘वाटेंत दमलां असाल ना?’ एवढेंच कन्येकरवीं विचारलें. तो प्रश्न ऐकतांना मला लालबागच्या मित्राची आठवण झाली. आमच्या आजीनें त्या रात्रीं तेवढेंच विचारलें असतें, तर!