किरणावर किरण चढवताना

वर्ध्याला लागूनच पिपरी मेघे आहे. इकडे विसर्जन असो की वरात, डीजेच्या गाडीवर लेझर दिसू लागला आहे. अंधार चिरत जाणारी ती रेघ एकाच दिव्याची वाटते. ताकदीच्या यंत्राचं झाकण काढलं तर आत बरेच छोटे लेझर डायोड आणि त्यांच्यापुढे तिरपे बसवलेले आरसे दिसतात. खरी करामत त्या आरशांची आहे.

एका डायोडकडून हवी तितकी शक्ती मिळत नाही. प्रवाह वाढवत नेला की चिप तापते आणि प्रकाश जिथून बाहेर पडतो ती कडाच जळते. म्हणून डायोडची संख्या वाढवायची. पण वॅट वाढणं आणि तेज वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. किती प्रकाश, किती लहान जागेतून, किती कमी फाकत बाहेर पडतो, यावर तेज ठरतं.

एकसारख्या दोन डायोडचे किरण पायरीसारख्या आरशांनी शेजारी शेजारी आणले, तर शक्ती दुप्पट होते, पण किरणही रुंदावतो. तेज होतं तेवढंच राहतं. दोन्ही किरण एकमेकांवर चढवायला जावं, तर अर्धपारदर्शक आरसा दोघांचाही अर्धा भाग भलत्याच दिशेला पाठवतो. आरशाला एकाला वाट द्यायची आणि दुसऱ्याला वळवायचं, तर दोघांत काही फरक दिसायला हवा. भिंगं कितीही महाग आणली तरी इथे पळवाट नाही, आणि मला या विषयातलं सगळ्यात सुंदर सूत्र हेच वाटतं.

एक फरक ध्रुवणाचा. डायोडचा प्रकाश बहुतांशी एकाच प्रतलात कंप पावतो. एका किरणाचं प्रतल 90 अंशांनी फिरवलं की काचेचा एक खास ठोकळा एकाला आरपार सोडतो आणि दुसऱ्याला त्याच वाटेवर परावर्तित करतो. तेज जवळपास दुप्पट होतं, पण ही युक्ती दोघांपुरतीच. दुसरा फरक रंगाचा. साधारण 638 नॅनोमीटरचा लाल, 520 चा हिरवा आणि 450 चा निळा रंगनिवडक आरशांनी एका रेषेत आले की मिरवणुकीतला पांढरा झोत तयार होतो. कारखान्यांसाठीच्या काही लेझरमध्ये तर काही नॅनोमीटरचाच फरक असलेले कितीतरी किरण बारीक रेघांच्या जाळीच्या साहाय्याने एकावर एक आणतात. पत्रा कापणारे फायबर लेझर आणखी वेगळी वाट धरतात. अनेक डायोडचा प्रकाश इटर्बियमयुक्त तंतूत ओततात आणि तो तंतूच एक नवा, अरुंद किरण देतो.

पत्र्यासाठी जे वरदान, ते डोळ्यासाठी संकट. रुंद किरणाचा काही भागच बाहुलीत शिरतो. अरुंद किरण मात्र जवळच्या माणसाच्या डोळ्यात अख्खा जातो आणि डोळ्याचं भिंग तो दृष्टिपटलावरच्या ठिपक्यात गोळा करतं. पापणी मिटायला सुमारे पाव सेकंद लागतो. दिसणाऱ्या प्रकाशात तेवढ्या वेळाची सुरक्षित मर्यादा 1 मिलिवॅट आहे, आणि मोठ्या कार्यक्रमांचे लेझर कित्येक वॅटचे असतात. दृष्टिपटलाला झालेली जखम भरून येईलच असं नाही. 2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली, ती मला योग्यच वाटते.

अमेरिकेत असे झोत सर्वसाधारणपणे प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून किमान 3 मीटर उंच ठेवावे लागतात. आपल्या गल्ल्यांत 3 मीटरवर पहिल्या मजल्याची गॅलरी येते, आणि मिरवणूक बघायला लेकरं तिथेच उभी असतात. अशा गल्लीत लेझर लावूच नये.